न आलेल्या इंजिनिअरचा सत्कार

फ्रीजरच्या अंगावर लाल आकड्यात उणे अठरा लिहून होतं, आन आतमध्ये हात घातला तं असं वाटे का इथं कोंबडी बसवली तं एकवीस दिवसात पिल्लं निघतील. मी दोनदा हात घातला. मंग डोकं घातलं. आतला दिवा मस्त पांढरा पेटला, बटन दाबलं का टुंग वाजे, सगळी शोभा होती. थंड तेवढं नव्हतं.

"भाऊजी, तुमी मशीनचे माणूस आहा," रुख्मावैनी म्हणली. "सांगा, याले काय झालं."

मी मशीनचा माणूस म्हणजे भोंग्याचा माणूस. दुलीचंद साउंड सर्व्हिस, कोसमटोला, दरेकसा टेशनवरून तीन किलोमीटर. लग्न, बारसं, मंडई, निवडणूक, सगळीकडे माइक माझा. दंडारीत, म्हणजे आमच्या गावच्या लोकनाट्यात, हसवणाऱ्या गंमत्याचं सोंगही मीच घेतो. बावन्न वर्षं झाली, पण फोन हातात आला का अजून मले दुसऱ्याचा आवाज काढाची खाज सुटते. आमच्या बकारामले एकदा मी तहसीलच्या साहेबाच्या आवाजात सांगतलं होतं का गावातले कावळे मोजून ठेवा, उद्या यादी लागल. तो दुपारपर्यंत वही घेऊन वडाखाली उभा होता. एकशे बारा निघाले. वही अजून आहे त्याच्याजवळ.

पण त्या दिवशी मले हसू येत नव्हतं, कारण वैनीचं तोंड पाहून घेतलं होतं.

आमच्याकडे दिवाळीच्या आगंमागं डोंगरात सीताफळ पिकते. बाया पहाटे टोपले भरतात, टेशनवर आणतात, आन व्यापारी गाडी येईपर्यंत नुसता उभा राहते. त्याले माहीत असते का हे फळ उद्यापर्यंत थांबत नाही. गाडीची शिट्टी वाजली का तो म्हणेल तो भाव. तीस वर्षं असंच चालू होतं. यंदा रुख्मावैनीनं बचत गटातल्या एकोणीस बायांले बसवून सांगतलं, व्यापाऱ्याले एक फळ द्याचं नाही. घरीच गर काढाचा, फ्रीजरमध्ये गोठवाचा, गोंदियाचा आइस्क्रीमवाला मंडईची जत्रा झाली का गाडी घेऊन येते. बाया पहिले हसल्या. धुरपताबाई तं म्हणली, "मशीनच्या भरोशावर राहतेस वो? मशीन का तुझी सून आहे?" तरी सगळ्याजणींनी ऐकलं. वैनीच्या शब्दावर ऐकलं.

सोमवारी फ्रीजर आला. कंपनीचं नाव मी नाही घेत, तुमच्या घरी बी तिचं काही ना काही असलच. गाडीवाल्यानं उतरवला आन सांगतलं, इंजिनिअर येऊन चालू करल, तोवर हात लावाचा नाही, नाही तं वॉरंटी गेली. मंगळवारी सकाळी इंजिनिअरचा फोन आला. तो म्हणे, माय, तुमच्या मोबाईलवर एक नंबर आला असल, तो सांगा. वैनीनं विचारलं, तू येऊन कधी राहिला? तो म्हणे, निघालोच, पण तो नंबर पहिले लागते. वैनीनं नंबर सांगतला आन जेवाले काय खाशील तेही विचारलं. आमच्याकडे परका माणूस एवढ्या दुरून येऊन राहिला तं त्याले अडवाचं, दहा सवाल कराचे, ही पद्धत नाही. तिनं कोंबडा कापला. भात टाकला. कोंबडा शिजला, भात निवला, माणूस आला नाही.

आला तो मेसेज. मी तिचा मोबाईल घेऊन वाचला. इंग्रजीत लिहून होतं का तुमच्या फ्रीजरचं इन्स्टॉलेशन मंगळवारी साडेदहा वाजता यशस्वी झालं, आन ग्राहकानं पाच स्टार दिले. सोबत इंजिनिअरचा फोटो. नाव भुपेंद्र. टाय लावून हसून राहिला होता.

"स्टार कोणी दिले?" मी विचारलं.

"मले का माहीत. मी तं त्याले पाटावर वाढून ठेवलं होतं."

त्या दिवशी माणूस येत नाही पाहून तिनं आपणच प्लग लावला होता, आन उणे अठरा पाहून गराचा एक डबा आत ठेवला होता. बुधवारी झाकण उघडलं तं डबा फुगून आला होता. बरं, का एकच ठेवला. बाकीचा सगळा गर, बावीस डबे, घरात होता. मी लगेच आमगावच्या बर्फ कारखान्यातून दोन लाद्या आणल्या, पोत्यात भुसा भरला, डबे त्याच्यात गाडले. राइस मिलचा भुसा आमच्याकडे फुकटात पडून असते, त्याच्यात बर्फ दोन-तीन दिवस टिकते. दोन-तीन दिवस. त्याच्यापुढं नाही.

मंग मी कस्टमर केअरले फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणे. मी तीन दाबलं, तं हिंदीत बोलाले लागली. मशीनच होती. मी म्हणलो फ्रीजर थंड होत नाही. मशीन म्हणे, "आपका इंस्टॉलेशन सफलतापूर्वक पूरा हो चुका है, धन्यवाद," आन फोन कापला. मी सात वेळा लावला. सातही वेळा तिनं मले धन्यवाद दिले. एकदा मी बाईच्या आवाजात बोललो, एकदा कलेक्टरच्या. मशीनले का फरक पडते. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज वाया गेला.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. तिथला माणूस जे बटन दाबे ते आमच्या फ्रीजरले नव्हतंच. संध्याकाळी धुरपताबाई अंगणात येऊन बसली. पोत्यातल्या भुशाले हात लावून पाहिला. वैनी मान खाली घालून सीताफळाच्या बिया काढत राहिली. मी घरी गेलो तं शामकला, माझी बायको, म्हणली, "अजी, एवढ्यांदा लोकायले येडं बनवता. एकदा कामाच्या माणसाले बनवा ना."

मी जेवता-जेवता थांबलो. ताटाखाली मंडईचं पांपलेट होतं, छापून आणायच्या आधीचा कच्चा कागद, तेल पडलेला. त्याच्याकडे पाहता-पाहता माझ्या पोटात गुदगुल्या सुरू झाल्या.

तुमी आमच्याकडची मंडई पाहिली नसल तं सांगतो. मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावचा जत्रेचा दिवस. लेकी येतात, जावई येतात, दुकानं लागतात, दंडार होते. आन पांपलेट निघते. त्या पांपलेटावर कार्यक्रम असते चार ओळींचा आन पाहुण्यांची नावं असतात दोन्ही बाजूनं. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. यंदा आमच्या पांपलेटावर पस्तीस नावं होती. त्याच्यातला हरेक माणूस येते. ताप असो, घरी सोयरे असो, येते. स्टेजवर खुर्ची, गळ्यात दुपट्टा, हातात नारळ, आन हरेकाले दोन शब्द बोलाले भेटतात. आमच्या भागात दोन शब्द म्हणजे वीस मिनिटं.

मी रातोरात पस्तीसचे सदतीस केले.

गुरुवारी सकाळी कंपनीच्या गोंदियाच्या ऑफिसात फोन लावला. तिथले मोठे साहेब इंद्रकुमार, तीन जिल्हे त्यांच्याकडे. मी स्टेजवरचा आवाज लावला, जो मी फक्त आमदारासाठी ठेवतो. कोसमटोला मंडई उत्सव समितीतर्फे बोलतो म्हणलो. आमच्या अतिदुर्गम गावात आपल्या कंपनीच्या भुपेंद्र यांनी मंगळवारी साडेदहा वाजता सेवा दिली, अशी नोंद आपल्याच कंपनीनं पाठवली आहे, त्याबद्दल समितीनं त्यांचा जाहीर सत्कार कराचं ठरवलं आहे, आन आपण सहउद्घाटक म्हणून यावं. एक शब्द खोटा बोललो नाही. कंपनीनं जे लिहिलं तेच वाचून दाखवलं.

साहेब इतके खूश झाले का त्यांना खोकला आला. फोटोवाला राहील ना, विचारलं. मी म्हणलो, फोटोवाला आहे, भोंगे आहेत, दोन हजार पब्लिक आहे. ते म्हणे, भुपेंद्रले मी सोबतच घेऊन येतो.

दुपारी भुपेंद्रचा फोन आला. आवाज असा जसा कोणी त्याच्या छातीवर बसून आहे.

"भाऊ, हा सत्कार रद्द नाही होणार का?"

"काऊन गा? एवढ्या डोंगरात येऊन काम करून गेले तुमी."

एवढं ऐकून तो फुटला. मंग बोलत सुटला. त्याच्याकडे चार तालुके, एक मोटारसायकल, आन रोजचे चौदा कॉल, म्हणजे चौदा घरचं काम. कॉल आला का चोवीस तासात बंद नाही केला तं पगारातून कापतात. कोसमटोल्याले याले-जाले अर्धा दिवस लागते, बाकीचे तेरा कॉल बोंबलतात. साहेबानंच शिकवलं होतं, दूरचा कॉल असल तं नंबर मागून बंद करून टाक, मंग जमल तसं जा. तो पस्तीस वर्षांचा माणूस, घरी दोन लेकरं. म्हणे, "आजच येऊन चुपचाप चालू करून देतो असं म्हणलो असतो, पण आज मी देवरीत अडकून आहो भाऊ, आन उद्या तं तुमचा सत्कारच आहे."

माझी अर्धी मजा तिथंच उतरली. ज्याले पकडाले जाळं टाकलं तो माझ्याचसारखा निघाला, दुसऱ्याच्या सांगण्यावर बोलणारा. मी वैनीकडे गेलो आन सगळं सांगतलं. ती पोत्यातला भुसा सारून बर्फ पाहून राहिली होती. एक लादी पाणी झाली होती. दुसरी अर्धी राहिली होती.

"त्याले लाज नका आणू भाऊजी," ती म्हणली. "तो जेवला बी नाही माझ्याकडे. त्याच्यावरच्याले आणा. आन एक सांगते, उद्या संध्याकाळपर्यंत नाही झालं तं माझं बोलणं सरलं. पुढल्या साली ह्या बाया मले आपल्या दारात उभं नाही करणार."

"होते वैनी."

"होते म्हणू नका. कंपनीवाल्यासारखं वाटते."

शुक्रवारी मंडईत पाय ठेवाले जागा नव्हती. जिलेबी, बांगड्या, फुगे, टिकल्या, ढाल म्हणजे सजवलेली काठी नाचवणारे गोवारी गुराखी, त्यांचे डफडे. स्टेज वैनीच्या घरापुढच्या मैदानात. चार जणांनी फ्रीजर उचलून स्टेजवर ठेवला, मी त्याले माझ्या जनरेटरची वायर दिली आन वरून झेंडूचा हार घातला. उणे अठरा लाल-लाल चमकून राहिलं होतं. लोकायले वाटलं नवरदेवच बसवला.

एक वाजता साहेबाची पांढरी गाडी आली. साहेब उतरले, गोरेपान, अत्तर लावलेले. मागं भुपेंद्र, टाय लावलेला, तोंड वाळलेलं, हातात कामाची बॅग. गाडी स्टेजच्या मागं लावली तशी तिच्यापुढं एक पाळणेवाला आन दोन भांडेवाले बसले. ते मी नव्हतं सांगतलं. ते देवानं केलं.

मी माइक घेतला. पहिले दीप, मंग नारळ, मंग भुपेंद्रचा सत्कार. बकारामनं त्याले दुपट्टा घातला. मी मोबाईल काढून कंपनीचा मेसेज मोठ्यानं वाचला, मंगळवार साडेदहा, इन्स्टॉलेशन यशस्वी, ग्राहक समाधानी, पाच स्टार. टाळ्या पडल्या. साहेबानं सगळ्यात जोरात वाजवल्या. भुपेंद्र आपल्या बुटाकडे पाहून राहिला होता.

"आता," मी म्हणलो, "आमचे सहउद्घाटक आपल्या हातानं या फ्रीजरचं झाकण उघडतील."

साहेब उठले, झाकण उघडलं, फोटोसाठी हात आत घातला. माइक मी त्यांच्या तोंडापुढं धरला.

"साहेब, थंड आहे ना जी?"

त्यांच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं, हसूमागचा माणूस तेवढा निघून गेला. हात आतच. फोटोवाला क्लिक करून राहिला. दोन हजार लोकं पाहून राहिले. साहेबानं एक श्वास घेतला आन म्हणले, "हो, हो. एकदम थंड. उत्तम."

हे असं होईल हे मलेही वाटलं नव्हतं. मले वाटलं होतं साहेब गडबडतील, काही कारण सांगतील. पण ते तं सरळच खोटं बोलले, तेही माझ्या माइकवर, चारही भोंग्यांतून.

तेव्हा वैनी स्टेजवर चढली. हिरवं लुगडं, हातात वाटी. फ्रीजरमधून मंगळवारचा तो फुगलेला डबा काढला आन साहेबापुढं झाकण उघडलं. वास पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. तिनं वाटीत काढला, चमचा घातला आन साहेबाच्या हातात दिला.

"एवढं थंड असल तं खाऊन दाखवा जी. तीन दिवस तुमच्याच मशीनमध्ये होतं."

मैदानात हसू असं उठलं का माझ्या भोंग्याची गरज राहिली नाही. साहेबानं वाटी घेतली, पाहिली, आन रागानं भुपेंद्रकडे वळले, तू आया था या नहीं आया था, विचाराले लागले. मी माइक मधात घातला.

"त्याले कायले विचारता साहेब? आला होता म्हणून तुमचंच रेकॉर्ड सांगून राहिलं. आता एकच खरं असू शकते. का तं तो आला नव्हता आन रेकॉर्ड खोटं, का तं तो आला होता आन तुमची मशीन खोटी. तुमी सांगा, कोणतं लिहाचं पांपलेटावर."

साहेबाले दोन्ही परवडत नव्हते. ते हळूच म्हणले, जे झालं ते झालं, भुपेंद्र आता चालू करून देते. भुपेंद्रनं पहिल्यांदा मान वर केली. म्हणे, सर, बंद झालेल्या कॉलवर मशीनले हात लावला तं माझी आयडी बंद होते, हा नियम तुमीच काढला. नवीन तक्रार नोंदवली पाहिजे.

"मंग नोंदवा ना," मी म्हणलो. "तुमीच फोन लावा साहेब. आमच्या फोनले ती मशीन फक्त धन्यवाद देते."

दोन हजार लोकायपुढं साहेबानं आपल्याच कंपनीचा कस्टमर केअर लावला. मी त्यांचा मोबाईल स्पीकरवर टाकला आन माइक त्याच्यापुढं धरला. चारही भोंग्यांतून आवाज आला, मराठीसाठी तीन दाबा. साहेबानं तीन दाबलं. हिंदी सुरू झाली. सगळ्या मैदानानं एकसाथ "आऽऽ" केलं, कारण हे सगळ्यायले माहीत होतं. साहेब म्हणले मैं एरिया मैनेजर बोल रहा हूँ. मशीन म्हणे, माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई. साहेबानं नाव सांगतलं. मशीनले परत समजलं नाही. मंग म्हणली, आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है, आन संगीत लागलं. टुंग टुंग टुंगटुंग, टुंग टुंग टुंगटुंग.

पाच मिनिटं संगीत वाजलं. सहाव्या मिनिटाले गोवाऱ्यायच्या डफड्यावाल्यानं तो ठेका उचलला. मंग ढालवाले आत घुसले. मी आवाज थोडा वाढवला, खोटं नाही बोलत. कंपनीच्या त्या टुंगटुंगवर आमची अख्खी मंडई नाचली. जावई नाचले, बकाराम नाचला, बांगडीवाली दुकान सोडून आली, धुरपताबाई, जी मंडईत कधी उठत नाही, तिनं दोन गिरक्या घेतल्या. मधात साहेब, मोबाईल हातात धरून, आपल्याच कंपनीची वाट पाहत उभे. माझ्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एवढा खूश कधीच झालो नव्हतो, कावळे मोजले तेव्हाही नाही.

एकविसाव्या मिनिटाले खरा माणूस फोनवर आला. त्याले साहेबाचं नावही माहीत नव्हतं. त्यानं सगळं लिहून घेतलं आन सांगतलं का नवीन कॉल उघडला, तक्रार देणारे म्हणून साहेबाचा आयडी लागला, आजच संध्याकाळी सहापर्यंत बंद झाला पाहिजे, आन बंद कराले ग्राहकाच्या मोबाईलवर चार आकडी नंबर येईल. बंद नाही झाला तं ठपका ज्याचा आयडी त्याच्यावर.

साहेबानं कपाळाचा घाम पुसला. भुपेंद्र फ्रीजरपाशी बसला. त्यानं बॅग उघडलीच नाही. समोरची दोन बटनं एकसाथ दाबली आन म्हणला, सात सेकंद दाबून धराची असतात. दुकानात ठेवाले मशीन नुसती दिवा लावून शोभेसाठी चालवतात, तो मोड निघाला नव्हता. एवढंच.

मैदानानं मोजलं. एक, दोन, तीन. लहान लेकरं, म्हातारे, सगळे. सातवर फ्रीजर टुंग वाजला, लाल आकडे बदलून बत्तीस झाले, आन खालून घुर्र असा आवाज आला. चार दिवस, दोन लाद्या, एक कोंबडा, एकोणीस बायायची झोप. सात सेकंद.

वैनीच्या मोबाईलवर नंबर आला. साहेब पुढं झाले. "माताजी, नंबर बता दीजिए, मग आम्ही निघतो."

वैनीनं मोबाईल कमरेले खोसला. स्टीलच्या वाटीत बोटभर पाणी घेतलं, फ्रीजरमध्ये ठेवलं, झाकण लावलं.

"मागच्या वेळेस पहिले नंबर सांगतला होता," ती म्हणली. "या वेळेस पाणी गोठलं का सांगते. बसा जी. पाहुण्यायनं दोन शब्द बोलाचे आहेत अजून."

पावणेदोन वाजले होते. साहेबानं गाडीकडे पाहिलं. पाळणा गोल-गोल फिरून राहिला होता. ते खुर्चीत बसले.

मंग भाषणं सुरू झाली. पस्तीस माणसं, हरेकाचे दोन शब्द. आमच्या पांपलेटाची जी पद्धत गावातले शिकलेले लोकं नावं ठेवतात, तिनंच त्या दिवशी आमची लाज राखली. सेवानिवृत्त गुरुजी विज्ञानावर बोलले. दूध सोसायटीवाले दुधावर बोलले. बकाराम कावळ्यायवर बोलला, कुठून सुचलं त्याले कोण जाणे, माझ्याकडे पाहूनच बोलला. आन मधात लोकायले कळलं का हा माणूस कंपनीचा साहेब आहे. घराघरातून त्याच कंपनीच्या बिघडलेल्या वस्तू याले लागल्या. कोणी मिक्सर ताटात ठेवून आणला, वर नारळ ठेवला, साहेबाच्या पायापाशी मांडला. कोणी टीव्हीचा रिमोट आणला, कोणी वॉरंटीचं कार्ड कुंकू लावून. साहेब हरेकाले हात जोडत होते. भुपेंद्रनं दुपट्टा कमरेले बांधला, बॅग उघडली आन तिथंच स्टेजच्या कोपऱ्यात तीन मिक्सर उघडून बसला. चालू झालं का मिक्सर घर्र करून दाखवे, आन लोकं वक्त्याच्या भाषणात टाळ्या वाजवत.

पाच वाजता मी पोत्याकडे गेलो. भुशात हात घातला. लादी विटेएवढी राहिली होती. डबे अजून गार होते, पण गारच, थंड नाही. वैनी मागून आली, तिनंही हात घातला, भुसा परत सारखा केला. एकोणीस बाया पोत्याभोवती उभ्या होत्या. त्या क्षणी मले माझी मजा जरा जास्तच महाग वाटली. मी मनात म्हणलो, अरे यंत्रा, एकदा तरी खरं बोल.

साडेपाच वाजले. अकरावे अतिथी आटोपते घेत होते. साहेब घड्याळ पाहून घामाघूम. वैनी फ्रीजरपाशी गेली, झाकण उचललं आन वाटी काढली. बोट लावून पाहिलं नाही. वाटी तशीच उलटी केली साहेबाच्या खुर्चीच्या हातावर. टण्ण वाजलं. पाण्याचा एक थेंब पडला नाही.

एवढा ओरडा झाला का माझ्या एका भोंग्याचा पडदा फाटला. तो आजही फाटकाच आहे, मी बदलला नाही.

बायायनं कोणाची वाट पाहिली नाही. पोत्यापासून स्टेजपर्यंत रांग लावली आन डबे हातोहात पुढं सरकले, भुसा झटकत, एकेक करून फ्रीजरमध्ये. बावीस. रांगेत सगळ्यात पुढं, फ्रीजरपाशी, धुरपताबाई उभी होती. शेवटचा डबा तिनंच ठेवला आन झाकण दोन्ही हातांनी दाबलं, जसं कोणाले पांघरूण घालावं.

"माय, नंबर," भुपेंद्र हळूच म्हणला. सहाले दहा कमी होते.

वैनीनं मोबाईल काढला, माझ्या हातातून माइक घेतला आन चारही आकडे एकेक करून वाचले. भुपेंद्रनं टाकले. साहेबाच्या मोबाईलवर टुंग वाजलं, कॉल बंद झाला. साहेब उठाले लागले तं मी म्हणलो थांबा जी, मेसेज आला, स्टार विचारून राहिले, किती द्याचे?

वैनीनं भुपेंद्रकडे पाहिलं. दुपट्टा कमरेले, हात ग्रीसनं काळे, समोर चालू झालेले तीन मिक्सर.

"त्याले पाच द्या भाऊजी. या वेळेस मी स्वतः देते," ती म्हणली. मंग साहेबाकडे वळली. "तुमी आन तो, दोघंही जेवूनच जाजा. कोंबडा दुसरा कापला आहे. पण पहिले जेवाल, मंग जाल. मी आता कोणावर भरोसा नाही ठेवत."